धावपट्टीवरचा भोंगा आणि वैमानिकाचा निर्णय

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



व्याख्यानाचा विषय कोणता, असे चिटणीसांनी विचारले तेव्हा आम्ही हा विषय सांगितला आणि ते क्षणभर स्तब्ध राहिले. निवृत्त शिक्षकाने शिक्षणावर, संस्कारांवर, फार तर लग्नकार्यांतील वायफळ खर्चावर बोलावे, ही अपेक्षा रास्तच आहे. परंतु यंदा मंडळाच्या शिक्षणनिधीतून ज्या विद्यार्थ्यांना साहाय्य दिले गेले त्यांत एक वैमानिकाचे शिक्षण घेणारा आहे, ही गोष्ट आपण सर्वांनी टाळ्या वाजवून ऐकली. शिवाय ज्यातील कोणी ना कोणी वर्षातून एकदा तरी विमानात बसत नाही, असे घर आता आपल्या ज्ञातीत विरळाच. तेव्हा विषय दूरचा नाही.

आम्ही स्वतः मॅट्रिक. विमान चालविण्याचा आमचा काहीही अधिकार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. परंतु आयुष्यभर मुलांना गणित आणि शास्त्र शिकविल्यामुळे वेग, अंतर आणि काळ यांच्या हिशेबांशी आमचा जुना स्नेह आहे. आणि विमान-अपघातांच्या चौकशीचे अहवाल निरनिराळ्या देशांची सरकारे प्रसिद्ध करतात, ते शब्दकोश जवळ घेऊन वाचण्याचा नाद आम्हांस निवृत्तीनंतर लागला आहे. आज जे सांगणार आहोत ते त्या वाचनातून आलेले आहे.

प्रश्न असा. विमान धावपट्टीवर धावू लागले आहे, आणि वैमानिकांपुढे एखादा दिवा पेटला किंवा भोंगा वाजू लागला. वैमानिकाने काय करावे? शाळेतील कोणत्याही मुलास विचारा, तो म्हणेल, "थांबावे." सायकलची साखळी कुरकुरली की आपण थांबतो, मोटारीच्या इंजिनातून धूर निघाला की गाडी रस्त्याच्या कडेला घेतो. थांबणे म्हणजे सुरक्षितता, हा आपल्या अंगवळणी पडलेला धडा आहे. धावपट्टीवर मात्र हा धडा पहिल्या अर्ध्या भागात खरा असतो आणि पुढच्या भागात तोच प्राणघातक ठरू शकतो. सारे विमान तेच, भोंगा तोच, वैमानिक तेच. पण वीस सेकंदांपूर्वी जे उत्तर बरोबर होते ते आता चूक. असे का व्हावे, हे गणिताने समजते.

प्रवासी जेट विमान सुमारे अर्ध्या मिनिटाहून थोड्या अधिक काळात धावपट्टी सोडते. त्याचा वेग नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत मोजतात. ८० नॉट म्हणजे ताशी सुमारे १४८ किलोमीटर. १४० नॉट म्हणजे ताशी सुमारे २६० किलोमीटर. या दुसऱ्या वेगाने विमान एका सेकंदात ७२ मीटर पुढे जाते, म्हणजे क्रिकेटच्या साडेतीन खेळपट्ट्या. "काय झाले बुवा?" असे मनाशी म्हणेपर्यंत शाळेच्या मैदानाहून मोठी धावपट्टी मागे पडलेली असते. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ८० वरून १४० वर गेल्याने वेग पावणेदोनपट झाला. पण धावत्या वस्तूच्या अंगातील शक्ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि पावणेदोनचा वर्ग तीनहून किंचित अधिक येतो. म्हणजे ब्रेकना तिप्पट शक्ती गिळावी लागते, आणि तीही धावपट्टी कमी उरलेली असताना.

म्हणून प्रत्येक उड्डाणापूर्वी विमानाचे वजन, हवेची उष्णता, वारा, धावपट्टीची लांबी व ओलावा यांवरून एक वेग काढून ठेवतात. त्यास वैमानिक 'व्ही-वन' म्हणतात. आपण निर्णयवेग म्हणू. या वेगापर्यंत ब्रेक लावण्यास आरंभ झाला तर विमान उरलेल्या धावपट्टीत थांबू शकते. त्यानंतर थांबण्याची हमी नाही. पण एक इंजिन बंद पडले तरी दुसऱ्या इंजिनावर उडण्याची सोय विमानात केलेली असते. येथे नावाने फसू नये. निर्णयवेग हा विचार सुरू करण्याचा वेग नव्हे. त्या वेगाला विचार संपून हात हललेला असावा लागतो. त्या क्षणी विचार सुरू करणारा वैमानिक आधीच उशिरा आलेला असतो.

धावपट्टीच्या टोकापलीकडे काय असते, हे आपल्या मराठवाड्यातील लोकांस सांगावयास नको. २६ एप्रिल १९९३ रोजी औरंगाबादहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरहून, मुंबईस निघालेले इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ विमान धावपट्टीच्या टोकाजवळच्या रस्त्यावरून जाणाऱ्या कापसाच्या गाठींच्या मालमोटारीस धडकले. विमानातील ११८ जणांपैकी ५५ दगावले. तेथे भोंग्याचा प्रश्न नव्हता. विमान उशिरा उचलले गेले आणि रस्त्यावरची रहदारी रोखलेली नव्हती, असे दोष चौकशीत निघाले. हा दाखला आम्ही एवढ्यासाठीच दिला, की धावपट्टीस शेवट असतो आणि त्या शेवटापलीकडे माणसांचे नेहमीचे व्यवहार चाललेले असतात.

आता वैमानिकांना शिकविला जाणारा नियम पाहू. धावेचे दोन भाग पाडतात. सीमारेषा बोइंगच्या पद्धतीत ८० नॉट, एअरबसच्या पद्धतीत १०० नॉट. त्या वेगाच्या आत कोणतीही खरी शंका आली, पिवळा दिवा लागला, विचित्र आवाज आला, टायर फुटला, वेग अपेक्षेप्रमाणे वाढेना, तर थांबावे. येथे थांबणे स्वस्त असते. त्या वेगापासून निर्णयवेगापर्यंत मात्र मोजक्याच कारणांसाठी थांबावे: आग, इंजिनाचे निकामी होणे, पुढे वाऱ्याचा घातक झोत असल्याची यंत्राची सूचना, किंवा विमान उडूच शकणार नाही अशी स्थिती. बाकीचे दिवे पेटोत, ते हवेत गेल्यावर पाहता येतील. आणि निर्णयवेगानंतर उडावयाचे. आगीची घंटा वाजली तरी आधी विमान सरळ वर न्यावयाचे, निदान चारशे फूट उंची येऊ द्यावयाची आणि मग यादी काढून एकेक उपाय करावयाचा. आपल्या स्वयंपाकघरात कढईने पेट घेतला तर कोणी असे म्हणणार नाही, हे आम्हांस मान्य. पण हवेत जाऊन, वळून, रिकाम्या लांब धावपट्टीवर उतरणे हे उरलेल्या चारशे मीटरांत थांबू पाहण्यापेक्षा पुष्कळ अधिक सुरक्षित ठरते.

ही आमची कल्पना नव्हे. १९५९ ते १९९० या काळात जेट विमानांनी उड्डाण सोडून थांबण्याचा यत्न केला आणि ती धावपट्टीबाहेर गेली, अशी ७४ प्रकरणे अमेरिकेत तज्ज्ञांनी एकत्र अभ्यासली. त्यांतील निम्म्याहून अधिक प्रकरणांत वैमानिकाने निर्णयवेग ओलांडल्यावर थांबण्यास आरंभ केला होता. आणि इंजिनाची शक्ती खरोखर घटलेली प्रकरणे केवळ सुमारे एक-चतुर्थांश होती. म्हणजे पुष्कळ विमाने उडण्यास समर्थ असता जमिनीवर मोडली.

यंत्रे बनविणाऱ्यांनीही हे ओळखले आहे. आजच्या बहुतेक विमानांत सुमारे ८० नॉटनंतर कमी महत्त्वाच्या सूचना यंत्र आपणहून रोखून धरते आणि विमान काही उंचीवर गेल्यावरच दाखविते. कोणत्या वेळी गप्प बसावे, हे यंत्रासही शिकवावे लागले. (आमच्या वर्गातील काही विद्यार्थ्यांच्या बाबतीत आम्हांस तेवढे यश आले नाही.)

नियमाच्या नेमके उलट वर्तन घडले तर काय होते, याचे उदाहरण म्हणून १३ मार्च २०१४ रोजी फिलाडेल्फियात घडलेली घटना आम्ही वारंवार वाचली आहे. यूएस एअरवेजचे एअरबस ए-३२० विमान फ्लोरिडाकडे निघाले होते. आरंभी विमानाच्या गणकयंत्रात चुकीच्या धावपट्टीची नोंद झाली. ती दुरुस्त केली गेली. पण दुरुस्तीबरोबर इंजिनांच्या शक्तीसाठी लागणारा तापमानाचा आकडा आणि निर्णयवेग वगैरे वेग पुसले गेले आणि ते पुन्हा भरले गेले नाहीत. कप्तानाने इंजिनांच्या दांड्या पुढे केल्या, तोच घंटी वाजली आणि पडद्यावर सूचना आली, की दांड्या योग्य जागी नाहीत. सहवैमानिकाने ती बोलून दाखविली. कप्तानाने दांड्या योग्य जागीच असल्याचे सांगितले. विमान अजून हळू होते. येथे थांबले असते तर दहा मिनिटांचा खोळंबा झाला असता, इतकेच. विमान पुढे गेले. ८० नॉट ओलांडल्यावर यंत्र मनुष्यवाणीने बोलू लागले, "रिटार्ड, रिटार्ड." विमान उतरताना दांड्या मागे ओढण्याची आठवण करून देणारी ही वाणी उड्डाणाच्या वेळी ऐकू येणे हेच विपरीत होते. दोघांनाही तिचा अर्थ लागेना. तरीही विमान धावत राहिले, निर्णयवेग मागे पडला, कप्तानाने नाक उचलले, आणि त्यानंतर त्यास वाटले, की हे विमान उडण्याजोगे नाही. त्याने ते पुन्हा खाली आणले. पुढचे चाक मोडले आणि विमान नाकावर घसरत थांबले. दीडशेहून अधिक माणसे वाचली, हे दैव.

पाहा, थांबावयाच्या वेळी तो गेला आणि जावयाच्या वेळी थांबला. विमानात बिघाड असा नव्हताच. ते उडू शकत होते. मनात शंका आली ती हळू वेगातच सोडवून घ्यावयाची, सोडविता येत नसेल तर तेथेच थांबावयाचे. ती शंका मागच्या बाकावर बसवून पुढे न्यावयाची नाही. न्याल, तर ती नको त्या क्षणी हात धरते.

त्या प्रकरणात आणखी एक धागा आहे आणि आपल्या घरांतील रीतीच्या दृष्टीने तो आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. पडद्यावर वेगाचे आकडे नाहीत, हे सहवैमानिकाच्या ध्यानात आले होते. परंतु कप्तान पुढे जात आहे त्या अर्थी त्यास सारे उमगले असावे, असे गृहीत धरले गेले. वडीलधाऱ्यांस ठाऊक असेलच, आपण मध्ये कशाला बोला, हे वळण आम्ही शिक्षकांनीच मुलांना लावले आणि दिवाणखान्यात ते शोभते. वैमानिकांच्या खोलीत ते शोभत नाही. थांबण्याचा निर्णय अनेक कंपन्यांत एकट्या कप्तानाचा असतो, हे खरे. पण दिसले ते मोठ्याने सांगणे हे सहवैमानिकाचे कर्तव्य असते. आमच्या शिष्यवृत्तीधारकाने कप्तानास आदराने 'सर' म्हणावे, आणि त्याच आदराने, "सर, वेग दिसत नाही," असेही म्हणावे.

खोट्या सूचनेने फसण्याचे उदाहरण त्याहून जुने आहे. ३० जुलै १९९२ रोजी न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर टीडब्ल्यूए कंपनीचे लॉकहीड एल-१०११ विमान सहवैमानिक चालवीत होता. चाके जमीन सोडतात तोच त्याच्या हातातील दांडा थरथरू लागला. पंखांवरचा आधार सुटण्याच्या बेतात आहे, असे सांगणारी ती सूचना. वस्तुतः सूचना देणारा एक भाग सदोष होता. विमान उत्तम चढत होते. सहवैमानिकाने विमान कप्तानाच्या हवाली केले आणि कप्तानाने ते पुन्हा धावपट्टीवर टेकविले. जड विमान, भरधाव वेग. ते धावपट्टीबाहेर गेले आणि जळून गेले. २९२ माणसे होती, एकही मृत्यू झाला नाही. पण हवेत असलेल्या विमानाचा हवाला कोणाकडे, हे त्या दोन-तीन सेकंदांत बदलू नये, आणि एकट्या भोंग्यावर विश्वास न ठेवता वेग वाढतो आहे का, विमान चढते आहे का, हेही पाहावे, इतके त्यातून घेण्यासारखे आहे.

याच्या उलट बाजूस, सूचना खरी असून तिच्याकडे दुर्लक्ष झाले, असे ३१ ऑगस्ट १९९९ रोजी अर्जेंटिनाच्या राजधानीत, ब्वेनोस आयरेस येथे घडले. उड्डाणापूर्वी पंखांच्या मागच्या कडेचे फळे, ज्यांस फ्लॅप म्हणतात, ते बाहेर काढावे लागतात. त्यांविना जड विमान त्या वेगाला हवेत उचलले जात नाही. लापा कंपनीच्या बोइंग ७३७ विमानाचे फ्लॅप काढावयाचे राहून गेले. यादी वाचताना वैमानिकांच्या खोलीत खासगी गोष्टी चालल्या होत्या. इंजिनांस जोर देताच भोंगा वाजू लागला आणि पहिल्या सेकंदापासून वाजत राहिला. काय होते आहे ते कळत नाही पण सारे ठीक आहे, अशा आशयाचे कप्तानाचे शब्द ध्वनिमुद्रणात सापडले. विमान धावपट्टी ओलांडून रस्त्यावर गेले, एका मोटारीस धडकले आणि पेटले. रस्त्यावरच्या दोघांसह ६५ माणसे गेली. भोंगा ऐकू आला नाही असे नाही. ऐकू आला, पण ऐकला गेला नाही. घरात गजराचे घड्याळ वाजत असता कूस बदलून झोपणाऱ्यास हा फरक सांगावा लागत नाही.

आणि भोंगा वाजलाच नाही तर? येथे विषय सर्वांत गंभीर होतो. १६ ऑगस्ट १९८७ रोजी अमेरिकेत डेट्रॉइट येथे नॉर्थवेस्ट कंपनीचे एमडी-८२ विमान फ्लॅप न काढता धावले. हेच सांगणारा भोंगा त्या विमानात होता. परंतु त्यास वीजच पोहोचत नव्हती, आणि ती का पोहोचत नव्हती, हे निश्चित कळले नाही. १५६ माणसे मृत्यू पावली. विमानातील चार वर्षांची एक मुलगी तेवढी वाचली. विमान धावपट्टीकडे नेत असता वाचावयाची यादी वाचली गेली नव्हती. यानंतर कारखान्याने, भोंगा चालतो की नाही हे प्रत्येक उड्डाणापूर्वी तपासावे, अशी शिफारस केली. शिफारस म्हणजे सक्ती नव्हे. एकवीस वर्षांनी, २० ऑगस्ट २००८ रोजी, माद्रिद येथे स्पॅनएअर कंपनीचे त्याच जातीचे विमान त्याच तऱ्हेने पडले. ते एकदा निघून बाहेरील हवेचे तापमान मोजणाऱ्या काट्याच्या तक्रारीमुळे परत आले होते. उष्मा होता, उशीर झाला होता, सर्वांस निघण्याची घाई होती. दुसऱ्या खेपेस फ्लॅप राहिले आणि भोंगाही मुका राहिला. १७२ पैकी १५४ जण गेले. त्याच वर्षी युरोपातील नियामकांनी त्या जातीच्या विमानांसाठी ही तपासणी प्रत्येक उड्डाणापूर्वी सक्तीची केली. आम्ही हा अहवाल वाचला त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. एकाच धड्याची फी दोन पिढ्यांनी भरली.

भोंगा न वाजणे हा सारे ठीक असल्याचा पुरावा नव्हे, हे वैमानिकास म्हणूनच शिकविले जाते. भोंगा हा यादीचा मदतनीस आहे, यादीच्या जागी बसणारा नव्हे. एकाच आवाजाचे दोन अर्थ असू शकतात, हीदेखील एक अडचण आहे. १४ ऑगस्ट २००५ रोजी सायप्रसहून अथेन्सकडे निघालेल्या हेलिओस कंपनीच्या बोइंग ७३७ मध्ये वर चढताना भोंगा वाजला. जमिनीवर तो आवाज 'उड्डाणाची मांडणी चुकली' असे सांगतो. हवेत तोच आवाज 'आतील हवा विरळ होते आहे' असे सांगतो. वैमानिकांनी जमिनीवरचा अर्थ घेतला, प्राणवायूविना त्यांची शुद्ध हरपली आणि १२१ माणसे गेली.

एवढ्या कथा ऐकून भगिनीवर्ग घाबरला असेल, म्हणून व्यवहारात हे कसे सांभाळतात ते सांगतो. निघण्यापूर्वी दोघे वैमानिक एकमेकांस मोठ्याने सांगतात: आज निर्णयवेग अमुक, त्याच्या आत अमुक झाले तर थांबू, नंतर झाले तर उडू, थांबताना तू हे कर, मी ते करीन. म्हणजे निर्णय धावपट्टीवर घ्यावयाचा नसतोच. तो उभ्या विमानात, शांतपणे घेऊन ठेवलेला असतो. धावताना दोघांपैकी जो विमान चालवीत नसतो तो वेग पुकारतो. विमान कोणीही चालवीत असो, पुष्कळ कंपन्यांत कप्तानाचा हात इंजिनांच्या दांड्यांवर असतो. आणि निर्णयवेगाचा पुकारा होताच तो हात तेथून काढून घेतला जातो. हे आम्हांस फार आवडले. दचकून हात मागे ओढला जाऊ नये, म्हणून हातच तेथे ठेवावयाचा नाही. हे सारे खोट्या विमानात, ज्यास सिम्युलेटर म्हणतात, दर काही महिन्यांनी पुन्हा पुन्हा करून घेतात. कारण खऱ्या आयुष्यात पुष्कळ वैमानिकांवर भरधाव वेगात थांबण्याची पाळी निवृत्तीपर्यंत येतच नाही.

आपल्यावर प्रवासी म्हणून जी पाळी येण्याचा संभव आहे ती अशी: विमान धावू लागते, अंग मागच्या पाठीला टेकते, आणि एकाएकी जोर जातो, ब्रेक लागतात, विमान हळू होऊन बाजूच्या वाटेने परत फिरते. अशा वेळी लोक घड्याळ पाहतात, पुढील गाडी चुकली म्हणून कर्मचाऱ्यांवर ओरडतात. ओरडू नये. बहुधा वैमानिकाने हळू वेगात, योग्य वेळी, योग्य तेच केलेले असते. विमान भरधाव वेगातून थांबले असेल तर ते लगेच पुन्हा निघतही नाही. ब्रेक अतिशय तापलेले असतात; ती उष्णता टायरपर्यंत पोहोचून तो फुटू नये म्हणून चाकांत वितळणाऱ्या गुडद्या बसविलेल्या असतात, त्या वितळल्या की हवा आपोआप निघून जाते. ब्रेक थंड होऊन चाके तपासली जाईपर्यंत तासभरही लागू शकतो. बरोबर डबा असेल तर तो त्या वेळात उघडावा.